दोन इंजिनांचं मॉडेल विमान: वाय-लीड, दोन चॅनल, सिंक यंत्र की इलेक्ट्रिक?

दोन .४६ (घनइंच) ग्लो इंजिनं, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगने इंधन पेटवणारी छोटी इंजिनं, पावणेदोन-दोन मीटरचे पंख, डकोटा या जुन्या दोन इंजिनांच्या विमानाच्या धर्तीचं रेडिओवर उडणारं मॉडेल. सांगाडा झाला, कव्हरिंग झालं, इंजिनं नॅसेलमध्ये (पंखावरच्या इंजिनाच्या कवचात) बसली, आणि आता प्रश्न उरलाय तो दोन्ही एकसारखी चालवायची कशी हा. पर्याय चार आहेत. माझं मत आधीच सांगतो: पहिल्या ट्विनसाठी (दोन इंजिनांच्या विमानासाठी) दोन सर्व्हो (थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटारी) आणि ट्रान्समीटरवर दोन वेगळे चॅनल घ्या. सिंक यंत्राला (दोन्हीचे फेरे आपोआप जुळवणाऱ्या डबीला) जे पैसे जातील ते रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, जायरोला (विमान वळू लागताच रडर आपोआप फिरवणाऱ्या यंत्राला) आणि ऑनबोर्ड ग्लोला (उडतानाही प्लग तापता ठेवणाऱ्या सोयीला) द्या. ग्लोच्या आवाजाची आणि वासाची ओढ नसेल, तर सरळ इलेक्ट्रिक करा.

हे मत ज्या हिशेबावर उभं आहे, तो आधी मांडतो. थ्रस्ट, म्हणजे प्रॉपची (पंख्याची) ओढ, साधारण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एक इंजिन मिनिटाला १०,००० फेरे आणि दुसरं ९,८०० करत असेल, तर फेऱ्यांत फरक २ टक्के आणि थ्रस्टमध्ये जेमतेम ४ टक्के. प्रत्येक इंजिन ३ किलो ओढतं असं धरलं तर हा फरक १२० ग्रॅमचा, तोही मध्यापासून पाव मीटरवर. रडरचे एक-दोन क्लिक ट्रिम दिले की विषय संपला. एक इंजिन बंद पडलं तर मात्र त्याच पाव मीटरवर पूर्ण ३ किलो एकाच बाजूला ओढू लागतात, म्हणजे पंचवीसपट जोर. विमान पाडतो तो हा पंचवीसपट जोर. म्हणून प्रत्येक पर्याय तपासताना मी एकच विचारतो: यामुळे इंजिन बंद पडण्याची शक्यता कमी होते की वाढते?

माझं पहिलं ट्विन गेलं, तेव्हा टॅकोमीटरवर (फेरे मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही आकडे तंतोतंत जुळलेले होते. ते जुळावेत म्हणून मी मंद असलेल्या डाव्या इंजिनाची नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) दोन क्लिक आत घेतली होती. टेकऑफनंतर नाक वर गेलं, टाकीतलं इंधन कार्ब्युरेटरच्या खालच्या पातळीवर आलं, इंजिन लीन झालं (हवेच्या मानाने इंधन कमी पडलं) आणि बंद पडलं. डावा पंख खाली झुकला तसा मी उजवीकडे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) दिला. कमी वेगात त्याच एलेरॉनने डाव्या पंखाचं टोक स्टॉल केलं (त्याची उचल गेली) आणि विमान गिरकी घेत खाली आलं. त्या दिवसापासून एक नियम पाळतो: वेगवान इंजिनाची नीडल उघडून त्याला मंदाच्या पातळीवर आणायचं, मंदाची नीडल कधीही आवळायची नाही.

वाय-लीड

रिसीव्हरच्या थ्रॉटल चॅनलला वाय-लीड (दोन फाट्यांची वायर) आणि त्यावर दोन सर्व्हो. स्वस्त, सोपं, चार चॅनलच्या ट्रान्समीटरवरही चालतं. अडचण अशी की दोन सर्व्होंचा मध्य आणि प्रवास कधीच अगदी सारखा नसतो आणि ट्रान्समीटरवरून एकाला वेगळं काही सांगता येत नाही. सगळं जुळवायचं ते सर्व्हो-आर्मची भोकं बदलून आणि क्लेव्हिस (दांडीच्या टोकाची आकडी) फिरवून. दोन्ही सर्व्हो एकाच दिशेने बसवले नाहीत तर एक उलटा चालेल, हेही आधीच बघा. आयडल (सर्वांत कमी फेरे) आणि फुल थ्रॉटल जुळतात, पण मधल्या पट्ट्यात इंजिनं भांडत राहतात. ट्रान्समीटरवर मोकळा चॅनल नसेल तरच हा मार्ग धरावा.

दोन वेगळे चॅनल

इथे डावं इंजिन एका चॅनलवर, उजवं दुसऱ्यावर आणि दोघांना मिक्सिंगने एकाच स्टिकला बांधायचं. एलेरॉन, एलेव्हेटर, रडर, दोन थ्रॉटल आणि हवा असेल तर फ्लॅप: सहा चॅनलमध्ये सगळं बसतं. खरा फायदा थ्रॉटल कर्व्हचा, म्हणजे स्टिक किती सरकली की सर्व्हो किती फिरेल हे ठरवणाऱ्या ट्रान्समीटरमधल्या आलेखाचा. कार्ब्युरेटरचा बॅरल (हवेची वाट उघडणारा फिरता भाग) उघडण्याच्या पहिल्या अर्ध्यातच बहुतेक फेरे वाढतात, पुढच्या अर्ध्यात थोडेच. त्यामुळे मधे दिसणारा फरक नीडलने नव्हे, तर कर्व्हच्या २५ आणि ५० टक्क्यांच्या बिंदूंवर काढायचा असतो.

जुळवायला बसण्याआधी दोन्ही इंजिनं रुळलेली हवीत. प्लग, प्रॉप आणि इंधन एकाच जातीचं, टाक्या वेगळ्या, टाकीचा मध्य कार्ब्युरेटरच्या पातळीला किंवा किंचित खाली. मग एकच इंजिन चालू करा. फुल थ्रॉटलवर नीडल आवळत शिखर गाठा आणि तिथून तीन-चारशे फेरे खाली येईपर्यंत उघडा. सोबत्याला विमानाचं नाक वर धरायला सांगा, दहा सेकंद फुल थ्रॉटल द्या. आवाज पडला तर अजून उघडा. नंतर आयडलची नीडल. हे इंजिन बंद करून दुसऱ्यावर हाच क्रम. दोन्ही आपापल्या पायावर भरवशाची झाल्याशिवाय जुळवणीला हात लावू नका.

जुळवणीत टॅकोमीटर लागतोच, पण तो सावलीत किंवा उन्हात वापरा. ट्यूबलाइटखाली धरला तर दोन पात्यांच्या सेटिंगवर तो बंद प्रॉपसमोरही ३,००० दाखवेल, कारण आपली ५० हर्ट्झची वीज दिव्याला सेकंदाला १०० वेळा लुकलुकवते. शेवटचा बारीक फरक मात्र कानच धरतो. दोन्ही इंजिनं एकत्र चालू करून मागे उभे राहा. आवाज ‘वूंऽ-वूंऽ-वूंऽ’ असा हेलकावे खातो. टू-स्ट्रोक इंजिन फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणून सेकंदाला एक हेलकावा म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांचा फरक. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, तिथे तोच हेलकावा १२० फेऱ्यांचा. सेकंदाला तीन हेलकावे ऐकू आले तर टू-स्ट्रोकमध्ये १८० फेऱ्यांचा फरक, आणि तेवढ्यावर मी खुशाल उडवतो. खऱ्या डकोटाचे वैमानिकही हेच हेलकावे ऐकून दोन्ही इंजिनांचे फेरे जुळवत.

ऋतूचं भान ठेवा. दुपारच्या उन्हात जुळवलेली नीडल पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी लीन ठरते, कारण थंड हवा दाट असते. त्या दिवशी पहिल्या उड्डाणाआधी दोन्ही थोड्या उघडा.

सिंक यंत्र

प्रॉपच्या बॅकप्लेटमध्ये किंवा स्पिनरमागे छोटे चुंबक, नॅसेलवर सेन्सर, आणि रिसीव्हर व सर्व्होंच्या मधे एक डबी. डबी दोन्हीकडचे फेरे मोजते आणि एका सर्व्होला थोडं पुढे-मागे करून ते जुळवते. जुळलेल्या दोन इंजिनांचा तो एकसंध आवाज खरोखर सुंदर असतो, आणि मोठं पेट्रोल ट्विन घेऊन स्केल स्पर्धेत उतरणाऱ्याला त्यासाठी खर्च करावासा वाटला तर मला ते पटतं.

पण मर्यादा नीट समजून घ्या. फुल थ्रॉटलवर मंद इंजिनाचा बॅरल आधीच पूर्ण उघडा असतो. डबी त्याला आणखी काही देऊ शकत नाही, ती फक्त वेगवानाला खाली खेचते. लीन चाललेलं इंजिन ती वाचवत नाही. उलट फेरे जुळलेले दिसल्यामुळे त्या इंजिनाचा आजार झाकला जातो, आणि मला याचीच जास्त धास्ती वाटते. शिवाय सेन्सरची फट, सैल झालेला चुंबक, एक जास्तीचं कनेक्शन या बिघडण्याच्या नव्या जागा. घेणारच असाल तर एक इंजिन बंद पडल्यावर डबी चालू इंजिनाचं काय करते, हे पत्रकात वाचा आणि मग जमिनीवर स्वतः करून बघा.

इलेक्ट्रिक

एकाच केव्हीच्या (एका व्होल्टमागे फेऱ्यांच्या) दोन मोटारी, सारखे ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारी यंत्रं), सारखे प्रॉप आणि एकच बॅटरी असेल तर जुळवणीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. प्रत्येक ईएससीला त्याच ट्रान्समीटरवर थ्रॉटलची दोन्ही टोकं शिकवा. दोघांचे बीईसी (ईएससीतला, रिसीव्हरला वीज देणारा भाग) एकत्र रिसीव्हरला जोडू नका, एकाची लाल वायर कनेक्टरमधून काढून टेप लावा. प्रत्येक नॅसेलमध्ये वेगळी लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) ठेवायचा मोह टाळा. एक आधी उतरली आणि त्या ईएससीने कट-ऑफ केला (मोटारीची वीज तोडली), तर ग्लो इंजिन बंद पडल्यासारखंच होईल. वेगळ्या ठेवायच्याच असतील तर समांतर जोडा, आणि कट-ऑफ एकदम तोडणारा नको, हळूहळू शक्ती कमी करणारा निवडा.

इलेक्ट्रिकचा आणखी एक फायदा ग्लोमध्ये सहज मिळत नाही. मोटारीच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या आणि उलट पिचचा (पात्यांचा कोन उलटा असलेला) प्रॉप लावला, की दोन्ही पंखे विरुद्ध दिशांना फिरतात आणि टेकऑफला विमान एका बाजूला ओढत नाही. पी-३८ लाइटनिंग या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानात हीच रचना होती. लाइटनिंग बांधत असाल तर माझा कौल निःसंशय इलेक्ट्रिकला.

ग्लोवर ठाम असाल तर वाचलेल्या पैशांतून आधी ऑनबोर्ड ग्लो घ्या, म्हणजे कमी फेऱ्यांत प्लग थंड पडून इंजिन जाणार नाही. मग रडरला जायरो, कारण इंजिन गेल्यावर पहिली खेच बोटांच्या आधी तोच पकडतो. इंजिनांना दोन-तीन अंश बाहेरच्या बाजूला रोख द्यायला मात्र पैसे लागत नाहीत.

दोन चॅनल घ्या म्हणतो त्यात एक कारण सरावाचंही आहे. ट्रान्समीटरच्या एका स्विचला ‘डावं आयडल’ आणि दुसऱ्याला ‘उजवं आयडल’ अशी मिक्स द्या. भरपूर उंचीवर, सरळ उडत असताना, अर्ध्या थ्रॉटलवर आधी उजवं आयडलला आणा. विमान कुठे वळतं, किती रडर लागतो, आणि थ्रॉटल खाली घेताच ते कसं सरळ होतं, हे बोटांना कळू द्या. पुढच्या उड्डाणात डावं. नेहमीचे प्रॉप मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, त्यामुळे नाक वर असताना उजव्या इंजिनाची ओढ मध्यापासून जास्त दूर पडते. डावं जाणं जास्त जड, म्हणून ते दुसऱ्या दिवशी ठेवा.