बाबांच्या नाटकांची बाडं: कागददुरुस्ती आणि स्कॅनिंग करून घेतलं त्याचा अनुभव

आधी हिशेब सांगतो, कारण ज्याला त्याला तोच हवा असतो. पत्र्याची एक ट्रंक, आत 1,140 पानं. स्कॅनिंग पानामागे 12 रुपये. 96 पानांची दुरुस्ती, पानामागे 180. एकूण 30,960 रुपये. दोन महिने सांगितले होते, चार लागले.

पुण्यात पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर एक मॅडम आणि त्यांच्या हाताखालचा मुलगा असे दोघंच हे काम करतात. नाव लिहीत नाही, कारण मॅडमनीच बजावलंय, "हातातलं काम दिवाळीपर्यंत संपायचं नाही, आणखी माणसं पाठवू नका."

बाबा लालबागला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात तिथे. गावच्या मंडळासाठी नाटकं लिहायचे. चाकरमान्यांची नाटकं, प्रयोग बहुतेक परळच्या दामोदर हॉलला. छापलेलं एकही नाही. दोन नाटकांच्या तेवढ्या टंकलिखित प्रती निघाल्या, परिनिरीक्षण मंडळाच्या शिक्क्याच्या; सेन्सॉरला प्रत द्यावी लागायची म्हणून. बाकी सगळं वह्यांत, पाठकोऱ्या कागदांवर आणि मिळेल त्या चिटोऱ्यांवर. ट्रंक पंधरा वर्षं माझ्या डोंबिवलीच्या घरी माळ्यावर होती. आईने आत वेखंडाच्या कांड्या टाकल्या होत्या, मी वरून डांबरगोळ्या. कसर फारशी लागली नव्हती. श्रेय कुणाचं यावर घरात अजून एकमत नाही.

पुण्याला जाण्याआधी मी एक घोळ घातला होता. एका नाटकाची पहिली आठ पानं जास्तच जीर्ण होती, ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणली. छान कडक झाली. मॅडमनी ती उजेडात धरली आणि बाजूला ठेवली. प्लास्टिक उष्णतेने कागदात बसतं, सोडवायला गेलं तर शाई त्याच्यासोबत येते, आणि कागदातलं आम्ल आतल्या आत आपलं काम करतच राहतं. त्या आठ पानांचे नुसते स्कॅन झाले.

सेलोटेपचं पाप मात्र बाबांचं. फाटलं की चिकटवलं. पट्ट्या कधीच गळून पडल्या होत्या, पण डिंक कागदात मुरून तपकिरी झाला होता. तो मुलगा एकेका पानावर तासभर वाकून डिंक काढत होता. मग फाटलेल्या जागी जपानी टिश्यू, मेथिल सेल्युलोजची पातळ खळ लावून. हे पान हातात घेतलं तर जोड बोटाला लागत नाही. गंजलेल्या टाचण्या काढून प्रत्येक जुडी वेगळ्या आम्लरहित लिफाफ्यात घातली. कागद धुऊन आम्ल काढता येतं असं मी कुठेतरी वाचलं होतं, तसं म्हणालोही. मॅडमनी एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून दाखवला. निळी शाई लगेच पसरली. विषय संपला.

आता तक्रार. पहिल्या हप्त्यात आलेल्या फायलींमध्ये पानांच्या मागच्या बाजू नव्हत्या. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर बाबांनी जे लिहिलं ते संपाच्या पत्रकांच्या पाठीवर. मुलाला वाटलं, छापील मजकूर कशाला हवा. मला तो हवा होता. कुठला प्रवेश कुठल्या महिन्यात लिहिला याचा दुसरा पुरावाच नाही. फोनवर आवाज चढला, माझाच. त्यांनी 212 बाजू पुन्हा स्कॅन करून दिल्या, पैसे घेतले नाहीत, पण एक महिना त्यात गेला. शिवाय फायलींची नावं 'स्कॅन 001' अशी. तीही भांडून बदलून घेतली.

एवढं असूनही मी त्यांना पाचपैकी चार देतो, ते नकलांमुळे. ज्यांनी हौशी नाटक केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: झेरॉक्स नव्हतं तेव्हा अख्खं नाटक नऊ वेळा उतरवणार कोण? म्हणून प्रत्येक नटाला त्याच्यापुरती वाक्यं लिहून द्यायचे, आणि दर वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ती त्याची नक्कल. 1979 च्या एका नाटकाची वही सापडतच नव्हती. मी त्या सुट्या कागदांना रद्दी समजत होतो. मॅडमनी ते मोठ्या टेबलावर मांडले, शब्दाला शब्द लावत गेल्या आणि संध्याकाळी मला बोलावून म्हणाल्या, "हे तुमचं नाटक. नऊपैकी आठ नकला आहेत."

नववी नायिकेची. मंडळात बायका नव्हत्या. बाई बाहेरून यायच्या, नाइटचे पैसे घ्यायच्या आणि नक्कल सोबत न्यायच्या. त्यामुळे नाटकात नायिकेचं एकही वाक्य पूर्ण नाही, नुसती शेपटं आहेत. "...दिवा लावते." "...तुमच्याच आईला विचारा." "...मग जा." आणि त्यावर पुरुषांची लांबलचक उत्तरं. रिकाम्या जागा मी भरायला निघालो होतो, म्हटलं बाबांची भाषा मला येते. मॅडम म्हणाल्या, भरा, पण वेगळ्या फाइलीत.

एक व्यवहाराचं. काम घेण्याआधी त्या सगळ्या वारसांच्या सह्या मागतात. लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतो, आणि उद्या एखाद्या ग्रंथालयाला प्रत द्यायची म्हटली तर एकट्याच्या होकारावर भागत नाही. आम्ही तीन भावंडं. धाकट्याची सही यायला तीन आठवडे लागले. ही दिरंगाई त्यांच्या खात्यावर धरू नये.

नुसती पीडीएफ हवी असेल तर तिथे जाऊ नका, जवळ कुठेही स्वस्तात होईल. आणि गेलात तर ट्रंक आहे तशी न्या. मी हुशारी करून सगळं नाटकवार लावून नेलं होतं, त्याबद्दल अर्धा तास बोलणी खाल्ली. कुठला कागद कशाच्या पोटात होता, हे त्यांना आधी बघायचं असतं. जिना लाकडी आहे आणि अरुंद. हमालाने 200 घेतले.