मुक्काम देवळापाशी की स्टँडपाशी?

कोल्हापुरात स्वस्तात राहायचं तर एकतर अंबाबाईच्या देवळाभोवतीचं लॉज, नाहीतर शाहूपुरीत एसटी स्टँडजवळचं.

देवळापाशी राहिलात तर पहाटे काकड आरतीला अनवाणी चालत जाता येतं. महाद्वार रोडची दुकानं तेव्हा बंद असतात, फक्त फुलवाल्या पाट्या मांडत असतात. संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, मिशीला फेस लागला तर लागू द्यायचा, आणि रमतगमत रंकाळ्यावर जायचं. खोल्या मात्र काडेपेटीएवढ्या. गाडी असेल तर पार्किंगचं आधीच विचारा. मला एकदा 'गाडी लागेल' म्हणून सांगितलं. लागली ती तीन गल्ल्या पलीकडे. नवरात्रात आणि किरणोत्सवात (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात ते दिवस) आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर जाऊ नका.

स्टँडजवळ रेल्वे स्टेशनही हाकेच्या अंतरावर. रात्री उशिरा उतरणाऱ्याला किंवा सकाळी पन्हाळ्याची एसटी धरणाऱ्याला हेच सोयीचं. देऊळ दोनेक किलोमीटर, रिक्षा मिळतेच. खोली रस्त्याकडची घेऊ नका, हॉर्न झोपू देत नाहीत.

आई-आजी सोबत असतील तर मी डोळे झाकून देवळापाशी राहीन, फक्त जिना किती उंच आहे ते बघून.