भरतकामाचा पहिला संच: शिकवतो छान, लाल दोरा मात्र बदला

सहावीत शिवणाच्या तासाला आम्हाला टेबलक्लॉथ भरायला दिला होता. माझा तो अजून आईच्या ट्रंकेत दीड गुलाबावर थांबलाय. म्हणून या वेळी मुद्दाम छोट्या वस्तूंचा संच मागवला, ऑनलाइन, ६४९ रुपयांना. पुस्तकातली खूण, टाचण्यांची गादी, दहा सेंटिमीटरच्या रिंगेत तुळस आणि चार पताकांचं तोरण. कापडावर नक्षी आधीच निळ्या शाईने छापलेली असते.

सगळ्यात आवडला तो वस्तूंचा क्रम. खुणेवर फक्त धावदोरा आणि उलटी टीप, त्यामुळे दोन संध्याकाळीत एक वस्तू पुरी होऊन हातात आली. ती पुस्तकात घातल्यावर पुढचं कापड रिंगेत ताणायला मी स्वतःहून बसले. गादीवर साखळी आणि लेझी डेझी, म्हणजे पाकळ्यांचा टाका. मग तुळस, तिच्या मंजिऱ्या गाठीच्या टाक्यांनी भरायच्या. इथे अडले. माहितीपत्रकात सुईला दोन वेढे दिलेलं चित्र आहे, पण माझी प्रत्येक गाठ कापडाच्या मागे निघून जायची. शेवटी आई शेजारी येऊन बसली. तिच्या रुखवतातल्या उश्यांचे अभ्रे तिनेच भरलेले. म्हणाली, "अगं, डाव्या हाताने दोरा ताणून धर. सुई पूर्ण खाली गेल्याशिवाय सोडू नकोस. आणि त्याच भोकात नको, एक धागा सोडून घाल." पुढची गाठ मोहरीएवढी, गोल बसली. पत्रकात ही दोन वाक्यं हवीच होती.

खरी तक्रार दोऱ्याची. तोरणाच्या कोयऱ्या लाल दोऱ्याने भरीव टाक्यात भरायला मला नऊ दिवस लागले. छापील रेघा घालवायला पताका गार पाण्यात बुडवल्या आणि लाल रंग पांढऱ्या केसमेंटवर, म्हणजे संचातल्या सुती कापडावर, पसरला. चार पाणी बदलली तरी गुलाबी डाग राहिला. फार वाईट वाटलं. विकणाऱ्यांना फोटो पाठवले, उत्तर नाही.

मग तुळशीबागेतून अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या आणल्या. एका लडीत आठ मीटर दोरा, सहा पदरी. हातभर तुकडा कापून एकेक पदर सुटा ओढून काढायचा, मग हवे तेवढे परत जुळवायचे. दोन एकदम ओढले की गुंता होतो. संचातल्या दोऱ्याला हे केलं की तंतू सुटतात, याला नाही. आता कुठलाही गडद दोरा आधी ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून बघते. तुम्हीही बघा. शाई पूर्ण धुतल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती पक्की होऊ शकते. इस्त्री करताना खाली टॉवेल घालून उलट्या बाजूने करा, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत.

सुया चांगल्या आहेत, रिंगेचा स्क्रू घट्ट बसतो. कात्री नाही, ती वेगळी घ्या. पाचपैकी साडेतीन तारे. भाचीसाठी हाच संच पुन्हा मागवलाय, त्यातला लाल दोरा काढून अँकरची लडी ठेवून देणार आहे. माझं दुसरं तोरण तिसऱ्या पताकेवर आलंय, दसऱ्याला दारावर लावायचंय.