शहादा ते केवडिया एका दिवसाची टूर: पुतळा भरपूर, धरण घाईघाईत

शहाद्याच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याची टूर केली, नाव टाकत नाही. बस एकदम मस्त, एसी चालू, आणि ड्रायव्हरभाऊने अक्कलकुव्याच्या पुढे डेडियापाड्यापर्यंतच्या वळणांवर पण पोटातलं पाणी हलू दिलं नाही. जेवण मात्र डाळीत गूळ भाजीत गूळ, ठेच्याची डबी सोबत न्याच.

खरी तक्रार धरणाची. सरदार पटेलांच्या पुतळ्याला अर्धा दिवस आणि नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला व्ह्यू पॉइंटवर फोटो काढण्यापुरता वेळ, का तर म्हणे तिथं बघायला काय आहे! अरे भाऊ, 1450 मेगावॅटचं काम आहे ते, 1200 नदीपात्राच्या पॉवरहाऊसचे आणि 250 कालव्याच्या तोंडाशी. मोठं पॉवरहाऊस जमिनीखाली आहे म्हणून दिसत नाही, पण गाईडने निदान सांगायला तरी पाहिजे ना, की तिथली 200-200 मेगावॅटची सहा मशीनं उलटी फिरवून पाणी परत वर चढवता येईल अशी बनवलीत आणि ते पाणी अडवायलाच खाली गरुडेश्वरला बंधारा बांधलाय. ते सोडून तो बिनधास्त बोलला की सगळी वीज गुजरातची. मग मी बोललोच. नर्मदेच्या पाणीवाटपाच्या 1979 च्या लवादाप्रमाणे विजेत 57 टक्के मध्य प्रदेश, 27 टक्के महाराष्ट्र आणि गुजरातला फक्त 16. आणि आपले 27 टक्के काही फुकट नाही आले, अक्कलकुवा-धडगावची 33 गावं बाधित झालीत, ज्या तळोद्याहून बस गेली त्याच तालुक्यात त्यांच्या पुनर्वसन वसाहती आहेत, त्यावर एक शब्द नाही.

बसमध्ये टीव्हीवर एक माहितीची फिल्म लावली, ती बरी होती पण तिच्यात नुसते मेगावॅट वाढल्याचं कौतुक. स्वातंत्र्याच्या वेळी देशात जलविद्युत 500 मेगावॅटच्या आसपास होती, आता नुसते मोठे प्रकल्प धरले तरी 47 हजारच्या वर गेली, खरंय. पण कोळसा आणि आता सोलर इतकं वाढलं की एकूण क्षमतेत हिचा वाटा साठच्या दशकात निम्म्याजवळ होता तो दहा टक्क्यांवर आलाय. आणि मशीन लावलं म्हणजे वीज आली असं थोडंच असतं, 2022-23 ला देशभरात 162 अब्ज युनिट निघाली, पुढच्या वर्षी पाऊस कमी तर 134 वरच. आपल्या कापूसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय याच धरणाची पायाभरणी 1961 ची आणि दरवाजे पूर्ण बंद व्हायला 2017 उजाडलं, म्हणजे हा वेग आपला.

पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन ड्रायव्हरचे. जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा, धरण भरलेलं असलं तर दरवाजे उघडे सापडतात, सोमवारी पुतळा बंद असतो, आणि बुकिंग करतानाच धरणावर निदान तासभर थांबणार का ते विचारून घ्या, नाही म्हटला तर चार जण मिळून आपली गाडी केलेली बरी.