होस्ट फॅमिली म्हणून एक हंगाम: मुले गुणी, धुण्याचे मात्र विचारू नका

ऑगस्टच्या सुरुवातीला आमचे वॉशिंग मशीन पोटात पाणी घेऊन बंद पडले आणि दुरुस्ती कंपनीशी झालेल्या वादानंतर हा अनुभव लिहून काढायचे ठरवले. होस्ट फॅमिली होण्याविषयी, म्हणजे संपूर्ण उन्हाळाभर बेसबॉलचे खेळाडू घरी ठेवण्याविषयी, जे जे लिहिले जाते, ते मी अर्ज भरण्यापूर्वी वाचले होते. जेवणखाण, घराची किल्ली, लहान मुलांशी वागणूक, रात्री येण्याजाण्याच्या वेळा हे सारे त्यात होते. धुण्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढलेले नव्हते. त्यामुळे ती उणीव येथे थोडी सढळ हाताने भरून काढणार आहे.

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि आमच्या गावचा संघ नॉर्थवूड्स लीगमध्ये खेळतो. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत 72 सामने, लाकडी बॅट, सगळे खेळाडू महाविद्यालयीन आणि एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, पात्रता टिकवायची म्हणून बिनपगारी, अशी ही व्यवस्था. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, क्लबांनी आपल्या खालच्या स्तरावरील मायनर लीगच्या बहुतेक खेळाडूंच्या निवासाची सोय स्वतःच करावी असा नियम 2022 पासून झाल्यामुळे तिकडची यजमान घरे आता फारशी उरलेली नाहीत. उन्हाळी महाविद्यालयीन लीग मात्र आजही गावकऱ्यांच्या रिकाम्या खोल्यांवरच चालतात. मेजर लीगमध्ये पुढे नावाजलेले पीट अलोन्सो मॅडिसनच्या संघातून आणि मॅक्स शेरझर ला क्रॉसच्या संघातून याच लीगमध्ये खेळून गेले, हे संघाच्या समन्वयक बाई पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. आपल्या घरी उतरणारा मुलगा तसा निघेल या आशेवर कोणी अर्ज करू नये. करायचाच तर रिकामी खोली आहे म्हणून करावा. मोबदला म्हणून आम्हाला घरच्या मैदानावरील सामन्यांचे हंगामी पास मिळाले. त्यांची किंमत आणि वाढलेले विजेचे व पाण्याचे बिल यांचा मेळ मी घालून पाहिला. तो बसत नाही.

जेवणाची धास्ती आम्ही उगीच घेतली होती. सामन्यानंतर संघातर्फे काही ना काही खायला मिळते, त्यामुळे घरी प्रश्न उरतो तो मुख्यतः सकाळचा, म्हणजे दुपारी बारा वाजताच्या सकाळचा. अंडी आणि दूध मोठ्या प्रमाणात भरून ठेवले की निम्मे काम होते. आमच्या पहिल्या मुलाला वरणभात आवडला, फक्त त्यावर तो तिखट सॉस ओतत असे आणि सासूबाई त्या वेळी दुसरीकडे पाहत असत.

वेळांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. मिशिगनमधील संघांशी सामने असले की बसला सरोवराला वळसा घालून जावे लागते आणि परतीच्या प्रवासात मुले पहाटे तीन-चार वाजता घरी पोहोचतात. मुलगा दबक्या पावलांनी आत येतो, हे खरे. पण आत येताच गणवेश यंत्रात टाकतो, कारण त्याच संध्याकाळी घरच्या मैदानावर सामना असतो आणि आमच्या संघात गणवेश धुण्याची जबाबदारी खेळाडूची असते. आमची झोपण्याची खोली धुलाईच्या खोलीच्या बरोबर वर आहे. पहाटे चार वाजता पिळणीचा वेग वाढल्यावर पलंग किती हलतो, हे यजमानांना मिळणाऱ्या संघाच्या पुस्तिकेत कोणी लिहीत नाही.

तरीही जुलैच्या मध्यापर्यंत माझे मत अगदी अनुकूल होते, आणि त्याचे कारण असे की आमच्याकडचा पहिला मुलगा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, होता. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा दिवसांतून एकदा चेंडू टाकतो. उरलेल्या दिवशी तो डगआउटच्या, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बैठकीच्या, कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतो. त्याच्या विजारी जवळजवळ जशाच्या तशा परत येत. होस्ट फॅमिली व्हायचे असेल तर पिचरच मागून घ्यावा, असा सल्ला मी ओळखीच्या दोन मराठी कुटुंबांना त्या काळात ठामपणे देऊन टाकला.

पिचरच्या बाबतीत एक अडचण मात्र असते. किती इनिंग टाकू द्यायच्या याची मर्यादा त्याच्या महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाने आधीच घालून दिलेली असते आणि ती भरली की मुलगा हंगामाच्या मध्यावरच घरी जातो. आमचा पिचर तसाच गेला. त्याच्या जागी आलेला मुलगा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, होता, टेक्सासचा, अतिशय नम्र, आणि बेस चोरण्यात पटाईत. बेस चोरणे म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावेच्या पुढच्या टप्प्याकडे, म्हणजे बेसकडे, धावणे; आणि ते म्हणजे पांढरीशुभ्र विजार घालून लाल मातीत पोटावर किंवा मांडीवर घसरत जाणे.

या मातीविषयी जरा सविस्तर सांगते. बेसभोवतालचा तो लाल भाग म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते आणि त्याचा विटकरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. म्हणजे हा मळ नसून निम्मा गंज आहे, आणि गंजावर क्लोरीनचे ब्लीच ओतले की डाग जाण्याऐवजी अधिक पक्का होतो. पहिल्या आठवड्यात त्या मुलाने नेमके तेच केले. डाव्या गुडघ्यापासून मांडीपर्यंत जो चहासारखा पट्टा उमटला, तो हंगाम संपेपर्यंत गेला नाही. विजार ओली असताना चोळणे हाही वेडेपणाच, कारण चिकणमाती धाग्यांत आणखी खोल जाते. ती आधी पूर्ण वाळू द्यावी, अंगणात नेऊन कडक ब्रशने झाडावी, मग उलट्या बाजूने थंड पाण्याचा जोरदार फवारा द्यावा आणि त्यानंतरच साबण लावावा. डाग शिल्लक असेल तोवर ड्रायरमध्ये टाकू नये. ऑक्झॅलिक आम्ल असलेली पूड उरलेल्या डागावर चांगली चालते; हातमोजे घालणे आवश्यक. सासूबाई या काळात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी लोखंडी खिळ्याच्या डागावर करतात तसे लिंबू आणि मीठ चोळून विजार उन्हात टाकायला सांगितले. फिकट डागांवर तो उपाय खरोखर लागू पडला. तो मुलगा तेव्हापासून त्यांना आजी म्हणू लागला आणि सामन्याहून येताच डाग त्यांना दाखवायला नेऊ लागला. भाषेची अडचण दोघांनाही कधी जाणवली नाही, कारण विषय एकच होता.

अशा स्थितीत यंत्र बंद पडले, तेव्हा दोष कोणाचा हे आम्ही सर्वांनी मनोमन ठरवून टाकले होते. पाणी बाहेर जात नव्हते, दार उघडत नव्हते, आत उद्याचा गणवेश होता. ज्या दुरुस्ती कंपनीशी आमचा वाढीव हमीचा करार आहे, तिचा माणूस तीन दिवसांनी आला, त्याने पडद्यावरील सांकेतिक आकडा पाहिला आणि पंप बदलावा लागेल असे सांगितले. शिवाय बाहेरची वस्तू अडकल्यास हमी लागू होत नाही, असेही सांगितले. म्हणजे पंप आमच्या खर्चाने आणि तपासणी शुल्कही आमच्याच माथी. यंत्र उघडून न पाहता बाहेरची वस्तू अडकली हे कसे कळले, या प्रश्नाचे उत्तर फोनवर तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी तीन वेगवेगळ्या प्रकारे दिले. शुल्क त्यांनी परत केले नाही. पुढच्या वर्षी तो करार मीही पुढे चालवणार नाही.

त्याच रात्री माहितीपुस्तिका काढून यांनी यंत्राच्या खालच्या कोपऱ्यातील छोटे झाकण उघडले, नळीने पाणी परातीत काढले आणि गाळणी फिरवून बाहेर घेतली. लाल चिखल निघाला, अपेक्षेप्रमाणे. कृत्रिम हिरवळीच्या मैदानांवर पसरतात ते काळे रबराचे दाणे निघाले. पण गाळणी खऱ्या अर्थाने ज्याने बुजली होती, तो होता सूर्यफुलाच्या टरफलांचा मुठीएवढा, एकमेकांत घट्ट विणला गेलेला लगदा. आमचा शॉर्टस्टॉप बिया खात नाही. तो च्युइंगगम चघळतो. ही सारी टरफले जूनपासून साठत आली होती आणि ती पिचरच्या मागच्या खिशातून आलेली होती. ज्याच्या स्वच्छ विजारींची मी दोन घरांत तोंडभर स्तुती केली, त्याच्यामुळे यंत्र बंद पडले, आणि ज्याच्याकडे महिनाभर संशयाने पाहिले तो मुलगा त्या रात्री बादली धरून शेजारी उभा होता. गाळणी धुऊन बसवल्यावर यंत्र पूर्ववत चालू झाले. पंप तोच आहे.

तेव्हा पिचर मागावा हा माझा सल्ला मी मागे घेते. त्या दोन्ही कुटुंबांना तसे कळवलेही आहे. खोली मोकळी असेल, उन्हाळ्यात भारतात जायचे नसेल आणि झोप गाढ असेल, तर हे अवश्य करावे. दोन्ही मुलांनी घरात आवाज चढवला नाही, आमच्या मुलीला स्कोअरबुक, म्हणजे सामन्याच्या नोंदींची वही, लिहायला शिकवले आणि शॉर्टस्टॉपने तर जाताना अंथरूण-पांघरूण स्वतः धुऊन, घडी घालून ठेवले. पाचपैकी चार गुण. एक गुण संघाच्या पुस्तिकेसाठी कापला आहे, कारण तिच्यात घरातील पाळीव कुत्र्याविषयी दीड पान आहे आणि धुण्याविषयी एक ओळही नाही.

समन्वयक बाईंनी पुढील हंगामाचा अर्ज पाठवला आहे. पसंतीच्या रकान्यात मी मैदानावर कोणत्याही जागी खेळणारा मुलगा चालेल असे लिहिले असून, खाली तीन अटी जोडल्या आहेत. रात्री अकरानंतर यंत्र लावायचे नाही, मातीची विजार अंगणातच झाडायची आणि गणवेश आत टाकण्यापूर्वी चारही खिसे उलटे करून दाखवायचे. पहिली अट बसच्या वेळापत्रकामुळे पाळता येणार नाही, असे त्यांचे उत्तर आले आहे. उरलेल्या दोन त्यांनी मान्य केल्या आहेत.