पेसाहला भात की बिनभात: धर्मांतरानंतर कोणत्या घरचे रिवाज धरायचे

मुलीचं ज्यू धर्मात धर्मांतर लंडन, न्यूयॉर्क किंवा इस्राएलमधल्या अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या परंपरेच्या) बेत दीनपुढे, म्हणजे रब्बींच्या धर्मन्यायालयापुढे, झालेलं, आणि होणारा नवरा ठाण्याचा नाहीतर इस्राएलमधल्या अश्दोदचा बेने इस्राएल, म्हणजे मूळ कोकणातल्या मराठी ज्यू समाजातला. अशा जोडप्यांत पहिला खटका बहुधा पेसाहच्या, म्हणजे खमिराचे पदार्थ वर्ज्य असलेल्या सणाच्या, भातावरून उडतो. शिकवणाऱ्या रब्बींनी आठवडाभर तांदूळ वर्ज्य सांगितलेला असतो, तर सासरी भाताशिवाय सणाचं पान वाढलं जात नाही. खरं तर धर्मशास्त्र दोघांचंही एकच आहे. वेगळा आहे तो मिनहाग, म्हणजे घराण्याचा आणि समाजाचा रिवाज. बेने इस्राएलांची प्रार्थनापद्धती कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या, वळणाची झाली, त्यामुळे ही तुलना बऱ्याच अंशी अश्केनाझी आणि सेफार्दी अशीच आहे.

जिथे निवड नाही

रिवाजांच्या आधी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, मुलगा कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या, घराण्यातला आहे का? ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ पंथाच्या, नियमाप्रमाणे कोहेन पुरुषाला धर्मांतरित स्त्रीशी लग्न करता येत नाही, मग घर अश्केनाझी असो की सेफार्दी. रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी पंथात, ही आडकाठी नाही. हॉलला आगाऊ रक्कम देण्याआधी हे विचारा, कारण याला मागाहून तोडगा निघत नाही.

दुसरी, नव्वद दिवस. मिक्वेत, म्हणजे विधीच्या स्नानकुंडात, धर्मांतरासाठी बुडी घेतल्याचा दिवस आणि लग्नाचा दिवस सोडून मधे पूर्ण नव्वद दिवस जायला हवेत. होणारं मूल धर्मांतराआधी राहिलं की नंतर, याबद्दल शंका राहू नये म्हणून हा नियम आहे. आधी नोंदणी पद्धतीने लग्न झालेल्या जोडप्यालाही अनेक बेत दीन या काळात वेगळं राहायला सांगतात.

तिसरी, केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा. धर्मांतरित वधूसाठी मूळ रक्कम साधारणपणे दोनशेऐवजी शंभर झूझ (जुनं चांदीचं नाणं) लिहितात, तिचा उल्लेख ‘गियोरेता’ (धर्मांतरित स्त्री) असा होतो आणि वडिलांच्या जागी ‘अब्राहम आवीनू’ (आपला पिता अब्राहम) येतं. लोक हौसेने नक्षीदार केतुबा आधीच छापून घेतात आणि त्यातला मजकूर कुमारिका वधूचा निघतो. मसुदा रब्बींनी वाचल्याशिवाय छापू नका.

लग्न इस्राएलमध्ये असेल तर तिथे नोंदणी विवाह होत नाहीत आणि रब्बीनेट, म्हणजे तिथली सरकारमान्य धर्मसंस्था, रिफॉर्म किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह धर्मांतर लग्नासाठी मानत नाही. इस्राएलमध्ये झालेली अशी धर्मांतरं मान्य करणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल नागरिकत्वापुरता आहे, त्यावर भिस्त ठेवून तारीख धरू नका. बेने इस्राएल पूर्णपणे ज्यू आहेत का, हा वाद मात्र सरकारी पातळीवर १९६४ मध्येच मिटला आहे.

कोणाचा मिनहाग?

धर्मांतरित बाई असेल तर ऑर्थोडॉक्स रब्बींचं सर्वसाधारण उत्तर असं की लग्नानंतर तिने नवऱ्याच्या घरचे रिवाज धरावेत. तिला माहेरचा मिनहाग नसतोच, असतो तो शिकवणाऱ्यांचा, त्यामुळे ती अश्केनाझी मुलीपेक्षा मोकळी असते. तरीही एखादी जादा बंधनाची प्रथा तीनदा पाळली की ती नवसासारखी लागू होते असं धरतात. म्हणून तीन पेसाह बिनभाताचे काढले असतील तर हातारात नेदारीम, म्हणजे तीन जणांपुढे नवस सोडवून घेणं, लग्नाआधी उरकावं. पाच मिनिटांचं काम आहे.

धर्मांतरित नवरा आणि बेने इस्राएल बायको असेल तर प्रश्न जास्त उघडा आहे. त्याला वडिलांकडून आलेला रिवाज नाही. तो धर्मांतर करवणाऱ्यांचा किंवा ज्या सिनेगॉगमध्ये रुजणार तिथला मिनहाग घेतो. आमचं मत स्पष्ट आहे: सासर जवळ असेल आणि त्याच सिनेगॉगमध्ये जाणार असाल तर रब्बींना विचारून बायकोच्या घरचाच धरा. घरात जिवंत असलेला एकमेव मिनहाग पुस्तकातून शिकलेल्यासाठी मोडायचा, यात शहाणपण दिसत नाही.

स्वयंपाकघर: इथे अर्धं अर्धं चालत नाही

अश्केनाझी पेसाहला कितनियोत टाळतात: तांदूळ, मका, डाळी, वाल, तीळ आणि मोहरीसुद्धा. बेने इस्राएल भात खातात, पण तांदूळ सणाआधी पांढऱ्या कापडावर पसरून तीनदा निवडतात, गहू किंवा जवाचा एखादा दाणा राहू नये म्हणून. चुका होतात त्या पुढे. गिरणीतून दळून आणलेलं तांदळाचं पीठ चालत नाही, कारण त्याच जात्यावर गहू दळलेला असतो; पीठ घरी मिक्सरवर करा. बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे तो हामेत्स (गहू-जवासारख्या धान्याचा पेसाहला वर्ज्य पदार्थ), आणि तो दोन्ही घरांना बंद. भातावर वाद घालणारे फोडणीच्या डब्यातला हिंग विसरतात.

अश्केनाझी घरातली मैत्रीण किंवा धर्मांतर करवणारं कुटुंब सेदेरला, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, आलं तर? तांदूळ शिजलेल्या पेसाहच्या भांड्यात केलेली बटाट्याची भाजी त्यांना चालते, असं बहुतेक रब्बी सांगतात. कितनियोत हे हामेत्स नव्हे, घरात ठेवायलाही बंदी नाही. त्यामुळे वेगळ्या भांड्यांचा खर्च करू नका, दोन पदार्थ बिनतांदळाचे, बिनमोहरीचे करा.

मुंबई-पुण्याच्या घरांत याहून रोजचा फरक वेगळाच आहे. स्वयंपाकाला ज्यू नसलेल्या बाई येत असतील तर अन्न चालायला ज्यू व्यक्तीचा हात लागावा लागतो: अश्केनाझी नियमाने घरातल्या ज्यू व्यक्तीने गॅस पेटवला की पुरतं. सेफार्दी नियमाने भांडं ज्यू व्यक्तीनेच आचेवर ठेवायला हवं. सेफार्दी मिनहाग धरून गॅस पेटवून ऑफिसला निघालात तर भाजी अडचणीत येते. भात सेफार्दी आणि गॅस अश्केनाझी, अशी दोन्हीकडची सोयीची बाजू उचलणं रब्बींना मान्य नसतं.

मांसाचं उलट आहे. फुप्फुसावरच्या चिकट पडद्यांबाबत सेफार्दी ‘हालाक बेत योसेफ’, म्हणजे असे पडदे नसलेलं मांस, मागतात, अश्केनाझी काही सूट देतात. पण ही सूट मोठ्या जनावरांपुरती आहे. कोंबडीला हा प्रश्न नाही आणि कोवळ्या बकऱ्याला दोघेही सूट देत नाहीत. मटण-चिकनच्या घरात भांडायला जागाच उरत नाही. मांसानंतर दुधासाठी सहा तास हे दोन्हीकडे रूढ आहे, जर्मन घरांत तीन. रश्शाला नारळाचं दूध वापरायची कोकणी पद्धत इथे कोणालाही उपयोगी पडते.

लग्नाचा दिवस

अश्केनाझी वधू-वर त्या दिवशी उपास धरतात, वधू वराभोवती सात फेरे घालते, हुप्पानंतर, म्हणजे लग्नमंडपातल्या विधीनंतर, दोघं थोडा वेळ खोलीत एकांतात बसतात. सेफार्दींत उपास बहुधा नसतो, फेरे नसतात. बेने इस्राएलांत आधी मेंदी, हुप्पाखाली वराने हिब्रू गीत म्हणत वधूचं स्वागत करणं, आणि एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलिया) नावाने मलिदा: पोहे, गूळ, खोबरं, वेलची, सोबत फळं. हिंदू घरातून आलेल्या मुलीला हा नैवेद्य वाटतो. तसा तो नाही. काहीही अर्पण होत नाही, प्रत्येक प्रकारावर ठरलेली बराखा (आशीर्वचन) म्हणून खायचं असतं. केळ्याची बराखा झाडाच्या फळाची नव्हे, जमिनीच्या उपजाची, इथे नवखे अडखळतात.

यातलं जवळजवळ सगळं एकत्र करता येतं. सात फेरे हवे असतील तर घाला, मलिदाही करा. तारीख मात्र जपून: ओमेरच्या दिवसांत, म्हणजे पेसाहपासून मोजायच्या एकोणपन्नास दिवसांत, अश्केनाझी तेहतिसाव्या दिवसापासून लग्नं लावतात, सेफार्दी चौतिसाव्या दिवसाच्या सकाळपासून. भारतात स्पेशल मॅरेज अॅक्टखाली नोंदणी करायची असेल तर तीस दिवसांची नोटीस त्या नव्वदांच्या आतच बसवा.

बाकीचं

शब्बाथच्या (साप्ताहिक विश्रांतीदिवसाच्या) दिव्यांना अश्केनाझी बाई आधी पेटवते, डोळे झाकते, मग बराखा म्हणते. अनेक सेफार्दी घरांत बराखा आधी. हनुक्काला, म्हणजे दिव्यांच्या सणाला, अश्केनाझींत प्रत्येक जण आपला दिवा लावतो, सेफार्दींत घराचा एकच. तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हातावर बांधायची चामड्याची पेटी आणि तिचा पट्टा) गुंडाळायची दिशा उलटी असते, पण ती बदलायला आठवडा पुरतो.

नाव ठेवण्यावरून मात्र रडारड होते. सेफार्दी आजी-आजोबांच्या हयातीत त्यांचं नाव नातवंडाला देतात आणि तो मान समजतात. अश्केनाझींत जिवंत माणसाचं नाव देणं अशुभ. शिकवणारे अश्केनाझी असतील तर सासऱ्यांच्या नावाला सून ‘नको’ म्हणते आणि सासरे मनाला लावून घेतात. हे बाळ होण्याआधी बोलून ठेवा.