पर्सोना ४ गोल्डन घ्यावा की पर्सोना ५ रॉयल?

दोन्ही ॲटलस या जपानी कंपनीचेच व्हिडिओ गेम. दिवसा शाळा नि मैत्री, फावल्या वेळात राक्षसांशी लढाई, हा साचाही सारखाच. मग निवडायचं कशावरून?

लढाईची ठिकाणं पाहिली तर ५ सरळ बाजी मारतो. मादारामे या चित्रकाराच्या संग्रहालयात आपण थेट चित्रांत शिरून वाट काढतो. प्रत्येक महाल, म्हणजे ५ मधलं लढाईचं ठिकाण, असा हाताने रचलेला. ४ मधले मजले आपोआप तयार होतात, त्यामुळे तासाभराने तेच ते कॉरिडॉर बघून कंटाळा येतो.

माणसं मात्र ४ ची! इनाबा हे छोटं गाव, मामाचं घर, जूनेस या दुकानाची जाहिरात गुणगुणणारी लहानगी नानाको. ५ मधली टोकियोतली टोळी झकास आहे, पण असं घर तिथे मिळत नाही, हे माझं ठाम मत.

वेळेचं म्हणाल तर रॉयल सहज १०० तास खातो. शिवाय गेममधल्या १८ नोव्हेंबरपर्यंत शाळेतला समुपदेशक मारुकी याच्याशी मैत्री नवव्या पातळीवर नेली नाही, तर कथेतलं शेवटचं शालेय सत्र हुकतं. ४ आटोपशीर आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. फक्त सुरुवातीचे दोन-तीन तास रेंगाळतो.

मालिकेत नवखे असाल, लढाईची हौस असेल, तर ५ घ्या. पात्रांत जीव गुंतवायचा असेल किंवा मशीन साधी असेल, तर बेलाशक ४.